वर्गणी बाकी असलेला माणूस

मार्च उजाडला की आमच्या चर्चच्या मंडळीतलं कुणी ना कुणी मला गाठतं आणि तोच प्रश्न विचारतं, "दिवाणजी, दशमांश कशाचा काढायचा? हातात पडतो त्या पगाराचा, की पीएफ नि टॅक्स कापायच्या आधीच्या?" विचारणारा कधी हायस्कुलातला मास्तर असतो, कधी मिरजेच्या दवाखान्यातली सिस्टर. दशमांश म्हणजे कमाईचा देवासाठी काढायचा दहावा भाग, आणि मी आमच्या मंडळीचा खजिनदार. पोटासाठी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. म्हणजे दोन्हीकडं दुसऱ्याच्याच पैशांचा हिशेब. लोकांना वाटतं, ह्याला आकडे कळतात, तर देवाचेही कळत असतील.

कापायच्या आधीच्या पगाराचा काढलात तर प्रभू रागावणार नाही, एवढंच मी सांगतो. पुढं बोलत नाही, कारण पुढं बोलायचं तर बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तेविसावा अध्याय काढावा लागतो आणि तो उपासना सुटल्यावर दारात उभ्या उभ्या काढण्यासारखा नाही. धर्मनियम काटेकोर पाळणारे परूशी लोक पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देतात आणि न्याय, दया, विश्वास सोडून देतात, असं येशूनं तिथं सुनावलं आहे. मसाल्याच्या बाजारात जन्म गेलेल्या माणसाला हे वचन जरा जास्तच लागतं. जिऱ्याचा दहावा भाग काढायला किती बारीक तराजू लागत असेल! आणि येशू तो तराजू फेकून द्या असंही म्हणत नाही. हे करायचं होतं, आणि ते सोडायचं नव्हतं, असं म्हणतो. म्हणजे दोन्ही अंगावर. सुटका नाही.

आमच्याकडं पैसा कसा येतो ते आधी सांगतो. उपासनेत थैली फिरते, त्यातले पैसे सुटे. पाकिटं वेगळी: मासिक वर्गणीचं, दशमांशाचं आणि देवाचे आभार मानायला द्यायचं ते उपकारस्तुतीचं. उपकारस्तुतीच्या पाकिटावर कारण लिहिलेलं असतं. नातू झाला. मुलगी बारावी पास. अपघातातून वाचलो. नवी गाडी घेतली. पाळकसाहेब ती कारणं वाचून प्रार्थना करतात, आणि पूर्वी रक्कमही वाचायचे. रक्कम वाचली की पुढच्या रविवारी पाकिटं जाड होतात, हे मी शपथेवर सांगू शकतो. (शपथ वाहू नका असं डोंगरावरच्या प्रवचनात आहे, तेव्हा नुसतंच सांगतो.) उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये हे त्याच प्रवचनात आहे, आणि आम्ही ते लाउडस्पीकरवरून सांगत होतो. कमिटीत बरीच खडाजंगी होऊन नाव आणि कारण वाचायचं, रक्कम वाचायची नाही असं ठरलं. दोन घरं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

कापणीच्या सणाचा लिलाव मात्र मला मनापासून आवडतो. लोक शेतातलं, परसातलं घेऊन येतात: ऊस, भोपळा, ज्वारीची कणसं, कोंबडा, एखादीनं केलेला लाडवांचा डबा. पुण्याहून आलेला एखादा पोरगा नारळावर बोली चढवत नेतो, घेतो आणि तोच नारळ पुन्हा लिलावात ठेवतो. एक नारळ पाच वेळा विकला जातो आणि शेवटी पाळकसाहेबांच्या घरी चटणीत जातो. बायका हसून हसून बेजार होतात. संतोषानं देणारा देवाला प्रिय असतो असं प्रेषित पौलानं करिंथकरांना पत्रात लिहिलं, ते त्या दुपारी डोळ्यांनी दिसतं. बोली लावणारा संतोषात असतो आणि उधारी वसूल करणं माझ्या नशिबी येतं, हा भाग वेगळा.

आता जरा अवघड गोष्ट. आमच्याकडं एक आजी आहेत. मिशन दवाखान्यात आया म्हणून त्यांचं उभं आयुष्य गेलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचं पाकीट येतं. आतल्या नोटा घडी घालून घालून मऊ झालेल्या. त्यांचं पाकीट उघडलं की मोजणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "विधवेच्या दोन टोल्या." मला हे ऐकवत नाही. मार्काच्या बाराव्या अध्यायात येशू मंदिराच्या भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते बघत होता आणि एका गरीब विधवेनं आपल्याजवळच्या होत्या नव्हत्या त्या दोन टोल्या, म्हणजे दोन क्षुल्लक नाणी, टाकली, हे आम्हाला शब्बाथशाळेपासून पाठ. पण त्याच्या लगेच आधीच्या ओळीत तो कुणाविषयी बोलतो? विधवांची घरं गिळणाऱ्या आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांविषयी. आधी चाळिसावं वचन, मग एकेचाळिसावं. ज्याच्या हातात किल्ल्या आहेत त्यानं ती दोन्ही एका दमात वाचावीत. त्या विधवेचं कौतुक करून येशू तिथंच थांबला, पण तिला तेवढ्यावर आणणारं कोण होतं, ते त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं.

म्हणून चर्चच्या छपराचे पत्रे बदलायच्या वेळी प्रत्येक घरावर सारखी रक्कम बसवायची यादी निघाली, तेव्हा मी ती लिहायला नकार दिला. आजींच्या घरी वसुलीला कुणी जाणार नाही, एवढं वदवून घेतलं. त्या आपणहून आल्या आणि देऊन गेल्या, ती गोष्ट निराळी. त्यांना अडवायचा अधिकार मला नाही.

पैसे मोजायला आमच्याकडं नेहमी दोघं लागतात. एकट्यानं थैली उघडायची नाही. नव्या पोरांना हा अविश्वास वाटतो. त्यांना मी दुसऱ्या करिंथकर पत्राचा आठवा अध्याय दाखवतो. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेला निधी पौलानं आपल्या एकट्या सहकाऱ्याच्या, तीताच्या, हाती दिला नाही, सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं पाठवली. का, तर ह्या मोठ्या रकमेबाबत आपल्यावर कुणी बोट ठेवू नये. प्रभूच्या दृष्टीनंच नव्हे, माणसांच्या दृष्टीनंही चोख असावं, असं तो लिहितो. पौलाचा हा हिशेबीपणा मला फार आवडतो. बारा शिष्यांत थैली कुणाकडं होती हे तर सगळ्यांना ठाऊक आहे: येशूला धरून देणाऱ्या यहूदाकडं. खजिनदारानं ते विसरू नये.

साताऱ्याला माझी बहीण दिली आहे. तिच्याकडं गेलो की रात्री जेवणानंतर मेव्हणे नारायण वामन टिळकांचा विषय काढतातच. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. पुढं बरीच वर्षं त्यांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं आणि १९१७ मध्ये ती नोकरी, तो पगार सोडून दिला. साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघंही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून येऊ शकत होते. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले. मेव्हण्यांचे डोळे हे सांगताना भरून येतात. माझ्या मनात मात्र आधी येतं ते, पगार थांबल्यावर घरात किराणा कुठून आला असेल? दिवाणजीचं मन, दुसरं काय.

मिरजेत तसंच डॉक्टर वानलेस ह्यांचं. कॅनडात जन्मलेला माणूस १८८९ मध्ये हिंदुस्थानात आला, १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल उभं राहिलं, आणि निवृत्त होईपर्यंत जवळजवळ चाळीस वर्षं तो ह्याच मुलखात शस्त्रक्रिया करत राहिला. आज सिटी बसचा कंडक्टर "वानलेसवाडी, वानलेसवाडी" ओरडतो तेव्हा निम्म्या प्रवाशांना ते माणसाचं नाव आहे हेही माहीत नसतं.

ही नावं आम्ही प्रवचनात पुष्कळ वापरतो, आणि मला त्यात एक खोच दिसते. ते मोठे लोक होते असं एकदा म्हटलं की आपण मोकळे. सगळं सोडायचं ते टिळकांनी, आपण उपकारस्तुतीचं पाकीट द्यायचं. शुभवर्तमान काढून बसलं की मात्र ही सोय राहत नाही, कारण येशूनं सगळ्यांना एक दर लावलेलाच नाही. श्रीमंत तरुणाला म्हणाला, सगळं विक. जकातदार जक्कयानं अर्धं देतो म्हटलं आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट, तर येशू म्हणाला, आज ह्या घराला तारण मिळालं. मत्तय जकातीचं नाकं सोडून उठला. योहान्ना, सुसान्ना ह्या बाया आपल्या ऐपतीतून येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या. अरिमथाईच्या योसेफानं कबर दिली. बर्णबानं शेत विकून पैसे प्रेषितांच्या पायाशी ठेवले. हनन्यानंही जमीन विकून पैसे आणले आणि तो तिथंच मेला, पण कमी दिल्यामुळं नव्हे. विकल्यावरही पैसे तुझ्याच हाती नव्हते का, असं पेत्र त्याला स्पष्ट विचारतो. तो मेला काही भाग ठेवून घेऊन पुरं दिल्याचं नाटक केल्यामुळं. आता ह्याचा तक्ता मी कसा करू? दहा टक्के हा त्यातल्या त्यात सोपा आकडा. दहा दिले की नव्वद आपले, असं वाटायला लागतं, आणि माझी सगळी तक्रार तिथंच आहे.

हे मला ज्याच्यामुळं कळलं तो आमच्या मंडळीतला मोटार वायंडिंगवाला. मिरज रोडला त्याचं पत्र्याचं दुकान. पाण्याच्या मोटारी, पंखे, मिक्सर. शिक्षण बेताचं, आवाज पहाडी. उपासनेत गाणं सुरू झालं की पेटी त्याच्या मागून धावते.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मारुती चौक, गावभाग, सगळं पाण्याखाली. पाणी ओसरलं तेव्हा घराघरांत चिखल, आणि तो धुवायला पाणी हवं तर मोटार बुडालेली. बोअरची, टाकीची, पिठाच्या गिरणीची, एकूण एक. लोक हातगाडीवरून, टेम्पोतून, स्कूटरच्या पुढ्यात ठेवून मोटारी घेऊन त्याच्या दुकानापुढं रांगेत उभे.

हे काम कसं असतं ते मी तिथं बसून पाहिलं आहे. बुडालेली मोटार लगेच जळत नाही. ती ओली असताना कुणीतरी चालते का बघू म्हणून बटण दाबतो, तेव्हा जळते. म्हणून त्यानं पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टांगलं: 'चालू करून बघू नका.' मोटार खोलायची, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, गरम हवेत वाळवायची, मेगरनं इन्सुलेशन तपासायचं, पुन्हा वार्निश, नवं बेअरिंग. नशीब असेल तर एवढ्यात भागतं. जळली असेल तर जुनी तार कापून काढायची, खाचांमध्ये कागद घालायचा आणि तांब्याची तार एकेक वेढा मोजून भरायची. मोठ्या मोटारीला सगळा दिवस जातो.

असा हंगाम वायंडिंगवाल्याच्या आयुष्यात एकदा येतो. गावात मजुरी दुपटीवर गेली होती आणि लोक ती मुकाट्यानं देत होते. ह्या माणसानं तार, वार्निश आणि बेअरिंगचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. ज्यांच्याकडं तारेचेही नव्हते त्यांचे वहीत मांडले, आणि ती वही मी पाहिली आहे, तिच्यात वसुलीचा रकानाच नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दुकानात दिवा. हे एक-दोन आठवड्यांचं नव्हतं, दिवाळीपर्यंत चाललं.

मी विचारलं, "भाऊ, निम्मी तरी घ्या की मजुरी."

"पूर उतरल्यावर मी भाव चढवायचा का? मग रविवारी कुठल्या तोंडानं गाऊ?"

आलेल्यांत ख्रिस्ती किती? बोटांवर मोजण्याइतके. आमच्या कमिटीतल्या एकाला वाटलं, मोटार परत देताना सोबत सुवार्तेचं एक पत्रक द्यावं, आयती संधी आहे. वायंडिंगवाला म्हणाला, "बेअरिंगमध्ये ग्रीस जातं साहेब, पत्रक जात नाही." मदतीच्या किटमध्येही पत्रक घालायचं नाही असं मग कमिटीनं ठरवलं. पैसे देऊन बाटवतात हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संकटातल्या माणसाला धान्याबरोबर कागद दिला तर ऐकून घ्यायचीच लायकी आपली. त्या दिवसांत तालमी, गणेश मंडळं, मशिदी, गुरुद्वारे, सगळेच राबत होते. आम्ही त्यातलेच एक.

आमच्या हिनं मात्र वेगळाच प्रश्न काढला. "ह्यात त्याच्या बायकोला कुणी विचारलं होतं का?" रास्त प्रश्न. पोरांची फी थकली होती, सोसायटीचा हप्ता थकला होता. महिला मंडळाच्या प्रार्थनेला दोघी भेटल्या तेव्हा हिनं सरळ विचारलं. ती म्हणाली, "विचारलं कुठलं! पण खाचांचे कागद कापायला रात्रभर मीच बसले होते." रागानं म्हणाली की अभिमानानं, ते हिला आजही सांगता येत नाही.

आता माझ्या रजिस्टरकडं येऊ. पुढच्या वार्षिक सभेसाठी मी थकबाकीची यादी काढली. आमचा नियम असा की वर्गणी ठराविक महिन्यांपेक्षा जास्त थकली तर सभेत मत देता येत नाही. यादीत वायंडिंगवाल्याचं नाव होतं. त्या वर्षी आमच्या मंडळीत सगळ्यांत जास्त कुणी दिलं असं कुणी मला विचारलं असतं, तर मी न अडखळता त्याचं नाव घेतलं असतं, आणि माझ्या रजिस्टरात त्याच्या ओळीला लाल शाईत 'बाकी'. पूरनिधीच्या यादीत तर त्याच्या नावापुढं काहीच नव्हतं. त्याच यादीत वर मोठमोठे आकडे होते, चांगल्या माणसांचे, मनापासून दिलेले. त्यातल्या काहींनी चेक दिला आणि पूर उतरेपर्यंत गावात फिरकले नाहीत. ह्यात त्यांना नावं ठेवण्यासारखं नाही. चेकनं घरांत धान्य गेलं, औषधं गेली.

सभेत कुणीतरी उठून म्हणालं, ह्यांची बाकी माफ करा. टाळ्या पडल्या. हा मागच्या खुर्चीवरून उभा राहिला. "माफ नको. बाकी आहे ती बाकी आहे, भरतो." आणि मतदान झालं तेव्हा हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला. नियम बदला असं मी म्हणालो नाही, आजही म्हणत नाही. वर्गणीतूनच पाळकसाहेबांचा पगार निघतो, लाइटबिल निघतं. नियम सैल केला तर तो वायंडिंगवाल्यासाठी होणार नाही, ज्यांना परवडतं त्यांच्यासाठी होईल.

पण त्या रात्री अहवाल लिहिताना मी त्याच आठव्या अध्यायाकडं परत गेलो. मासेदोनियातल्या मंडळ्या स्वतः हलाखीत होत्या, तरी त्यांनी ऐपतीपलीकडं दिलं, आणि पौल लिहितो की त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिलं. प्रथम. निधी नंतर. आम्ही बहुतेक जण उलट्या बाजूनं सुरुवात करतो, आणि निधीवरच थांबलो तरी चालेल असं मनात धरून असतो. मी अहवालात ते वचन लिहिलं, खाली जमाखर्च लिहिला.

माझ्यापुरतं म्हणाल तर माझी परीक्षा यार्डात असते. सौद्याआधी खरेदीदार पोत्यात हात घालून नमुना काढतात, हळकुंड मोडून रंग बघतात. ती मूठभर हळद परत पोत्यात जातेच असं नाही. एका पोत्यातून मूठ गेली तर शेतकऱ्याला कळतही नाही, ढिगातल्या प्रत्येक पोत्यातून एकेक मूठ गेली की कळतं. नमुना परत पोत्यात पडला पाहिजे म्हणून मी दुकानात भुणभुण लावली. शेठजी हसून म्हणाले, "दिवाणजी, तुमच्या रविवारचा खर्च माझ्या सोमवारावर का?" पण ऐकलं. निदान मी समोर असतो तेव्हा तरी ऐकतात.

वायंडिंगवाल्यानं ती बाकी हप्त्याहप्त्यानं फेडली. तो सुधारला असं मात्र समजू नका. यंदा पुन्हा तीन महिने थकले आहेत, कारण काय ते मी विचारलेलं नाही. कमिटीसाठी त्याचं नाव सुचवलं गेलंय आणि अर्जाला थकबाकी नसल्याचा माझा दाखला लागतो. म्हणून मीच फोन केला, "भाऊ, शनिवारपर्यंत भरा, दाखला लगेच देतो."

"शनिवारी एका शाळेची मोटार आहे, पोरांना पाणी नाही. रविवारी आणतो."

म्हटलं, अर्जाची मुदत शनिवारी पाचला संपते.

"मग पुढच्या वर्षी बघू," म्हणाला, आणि कुणीतरी टेम्पोतून मोटार उतरवायला हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.